आमच्या हॉलला मागची बाजू नाही

नवा टीव्ही घरात आला आणि आमच्या घरातलं सगळं संभाषण एका प्रश्नावर येऊन ठेपलं. "काय म्हणाला?"

रोज संध्याकाळी आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि माझे वडील, एक गुन्हेशोधाची मालिका बघायचो. इन्स्पेक्टर संशयिताकडे वळून काहीतरी पुटपुटायचा. बाबा विचारायचे, "काय म्हणाला?" बायको सांगायची, "घड्याळ कुठंय म्हणाला." एवढं सांगेपर्यंत संशयित उत्तर देऊन मोकळा झालेला असायचा. मग बायको मला विचारायची, "आणि हा काय म्हणाला?" मी म्हणायचो, "तुम्ही ऐकू दिलंत तर सांगेन ना." तेवढ्यात पार्श्वसंगीत असं काही उसळायचं की तिघंही एकदम रिमोटवर झेप घ्यायचो. खून कोणी केला हे आम्हाला शेवटी समजायचं, कारण त्याला बेड्या घालताना दिसतात. का केला, हे मात्र कधीच समजलं नाही.

यात दोष आमच्या कानांचा नव्हता. पूर्वीच्या टीव्हीला चांगलं सुटलेलं पोट असायचं आणि तो पोटातून बोलायचा. आताचा टीव्ही इतका सडपातळ झाला आहे की त्याला तोंड ठेवायलाच जागा उरलेली नाही. त्याचा आवाज पाठीतून निघतो. म्हणजे तो जे काही सांगतो ते भिंतीला सांगतो, आणि भिंतीच्या मनात आलं तर ती आम्हाला सांगते.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण हळूहळू बाबांनी विचारणंच बंद केलं. मालिका सुरू झाली की थोडा वेळ बसायचे आणि मग "मला झोप येते आहे" म्हणून आतल्या खोलीत जायचे. संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास! बाबांनी उभा जन्म शाळेत गणित शिकवलं. मागच्या बाकावरची कुजबुज फळ्याकडे तोंड करून ओळखणारा माणूस. आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "वयाच्या मानाने कान उत्तम आहेत." बाबा विजयी मुद्रेने घरी आले आणि संध्याकाळी पुन्हा आत जाऊन बसले.

"त्यांना झोपबीप काही येत नाही," बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली. "आत्ता आत डोकावले तर नुसते बसून होते. आपल्याला सारखं विचारायचं त्यांना बरं वाटत नाही."

हे ऐकून माझ्यातला मुलगा जागा झाला. तो अधूनमधून जागा होतो आणि दरवेळी काहीतरी विकत घेतो. चांगला आवाज घरात आणायचा, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. "त्यात काय एवढं!" असंही म्हणालो. आयुष्यात माझ्यावर जी जी संकटं आली, त्या सगळ्यांचं पहिलं वाक्य हेच आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांना इमारतीत सगळे डेसिबलराव म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडतं. त्यांच्या घरात माणसांपेक्षा स्पीकर जास्त आणि स्पीकरांपेक्षा वायरी जास्त. जिन्यात त्यांना नुसतं विचारलं, "छोट्या घराला कोणती सिस्टिम चांगली?" तर ते माझ्याआधी माझ्या घरात शिरले. हॉलच्या चारही कोपऱ्यांत जाऊन त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका कोपऱ्यात टाळी वाजवून बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. बायको चहाचे कप घेऊन दारातच थांबली, कारण कोणाची तंद्री मोडू नये असे तिच्यावर संस्कार आहेत.

"तुमची खोली फार बोलते," शेवटी ते म्हणाले.

"एकटी पडते ना दिवसभर," बायको म्हणाली.

डेसिबलराव हसले नाहीत. आवाजाच्या बाबतीत ते विनोद खपवून घेत नाहीत. त्यांनी खुलासा केला, तो असा. समोर एक, समोरच्या दोन बाजूंना दोन, मागच्या बाजूंना दोन आणि घुमणाऱ्या आवाजासाठी एक डबा. त्याला म्हणायचं फाइव्ह पॉइंट वन.

बाबा आतून बाहेर आले. "पाच पूर्णांक एक दशांश?"

"हो काका."

"आणि उरलेले नऊ दशांश?"

"कशाचे?"

"त्या सहाव्या स्पीकरचे. एक दशांशच देतात म्हणता ना."

डेसिबलरावांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण जो अपूर्णांक नाही त्याला पॉइंट लावणाऱ्या माणसांवर बाबांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. ते आत निघून गेले. जाताना मात्र मला म्हणाले, "घे बाबा, तुला हौस असेल तर." हौस कोणाची आणि खटाटोप कोणासाठी, हे मी बोललो नाही. घरोघरी मातीच्या चुली.

आता खरी अडचण. मागचे दोन स्पीकर मागे लावायचे. आमच्या हॉलला मागची बाजूच नाही. समोरच्या भिंतीवर टीव्ही, इकडच्या भिंतीला पाठ लावून सोफा, आणि मध्ये एक माणूस दुसऱ्याला "जरा सरका" म्हणून जाईल एवढी वाट. सोफ्याच्या मागे फक्त रंग आहे. मी एका कार्यालयात आरेखक आहे. दिवसभर लोकांच्या इमारतींचे नकाशे काढतो, तपासतो. त्यामुळे हा प्रश्न आपण चुटकीसरशी सोडवू, या भ्रमात मी होतो. एका सुट्टीच्या दिवशी मी हॉलचा प्रमाणबद्ध नकाशा काढला, सोफ्याचा, टेबलाचा, चपलांच्या कपाटाचा कागद कापला आणि हे तुकडे नकाशावर फिरवत बसलो. सोफा भिंतीपासून हातभर पुढे आणला की सगळं नकाशात सुरेख बसत होतं. नकाशात मी माणसं काढली नव्हती, एवढीच काय ती चूक.

दुकानदार अनुभवी होता. मी नकाशा उलगडून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो आधी उलटा धरला, मग सुलटा धरला आणि विचारलं, "ही बाल्कनी आहे का साहेब?"

"हा हॉल आहे."

"असू दे, असू दे," तो मला धीर देत म्हणाला. "यापेक्षा लहानही असतात."

त्याने आम्हाला एका अंधाऱ्या खोलीत बसवलं. ती खोली आमच्या अख्ख्या घराएवढी होती. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं, मागून घोडे आले, डावीकडे काचेचं भांडं फुटलं. बायकोने आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. हे सगळं ठीकच होतं, पण आमच्या मालिकेत हेलिकॉप्टर नसतं, इन्स्पेक्टर बसने फिरतो. मी म्हटलं, "कोणी नुसतं बोलत असेल असं काही ऐकवता का?" दुकानदार बुचकळ्यात पडला. तसं काही त्याच्याकडे नव्हतं. बोलणं ऐकायला कोणी सिस्टिम घेत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

शेवटी ठरलं ते असं. टीव्हीखाली एक लांबट पट्टी, तिच्यातच पुढचे तिन्ही आवाज. घुमणारा डबा, उशीएवढा. आणि मागचे दोन, मुठीत मावतील एवढे आणि वायरलेस. "वायरलेस" या शब्दावर बायकोचा होकार मिळाला, कारण वरच्या मजल्यावरचं जंगल तिने पाहिलं होतं. घरी येऊन खोका उघडला तेव्हा वायरलेस या शब्दाचा खरा अर्थ कळला. त्या दोघांना आवाज हवेतून येतो, वीज मात्र भिंतीतूनच लागते. म्हणजे वायरलेस म्हणजे एक वायर कमी. आणि आमच्या मागच्या भिंतीला प्लग नाही.

प्लगसाठी भिंत फोडायची. ती भिंत जिन्याला लागून. जिना इमारतीचा. म्हणजे समितीची परवानगी. आमचे सेक्रेटरी बरोबर आमच्या खाली राहतात. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी विरंगुळा लागतो, त्यांना नियम सापडले.

"भिंतीची आतली बाजू तुमची, बाहेरची समितीची," ते म्हणाले. "भोक मात्र दोघांचं."

"छोटंसंच आहे हो."

"भोक छोटं की मोठं हा मुद्दा नाही. यंत्र कसलं? त्याचा आवाज किती? घुमणारा डबा ठेवणार कुठे?"

"जमिनीवर."

"तुमची जमीन म्हणजे आमचं छत."

हे भूमितीच्या दृष्टीने बिनतोड होतं. त्यांचा निर्णय असा झाला की आधी सेक्रेटरींच्या समक्ष प्रात्यक्षिक व्हावं, आवाज मर्यादेत आहे याची खात्री पटावी, मग भोकाची परवानगी. मी म्हटलं, भोकाशिवाय प्लग नाही, प्लगशिवाय प्रात्यक्षिक कसं होणार? ते म्हणाले, तो तांत्रिक भाग तुमचा. नकाशे मंजूर करून घ्यायला येणाऱ्या माणसांशी आमच्या कार्यालयात अगदी असंच बोलतात. मी स्वतः बोललो आहे. त्या दिवशी मला ते वाक्य प्रथमच समोरच्या बाजूने ऐकू आलं.

मग स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या प्लगमधून एक लांब वायर काढून ती दाराच्या चौकटीवरून, घड्याळाच्या मागून, हॉलच्या मागच्या भिंतीवर नेली. मागचे दोन स्पीकर चिकटपट्टीने भिंतीला लावले. घुमणारा डबा सेक्रेटरींच्या छताला टेकू नये म्हणून चपलांच्या कपाटावर बसवला. डेसिबलराव ते पाहून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सोफा हातभर पुढे ओढला. आता सोफ्यावर बसलं की गुडघे टीव्हीच्या टेबलाला लागत होते, आणि बाहेरचं दार उघडलं की सोफ्याच्या हातावर आपटून अर्ध्यातच थांबत होतं. येणाऱ्याने श्वास सोडून, आडवं होऊन आत शिरायचं.

"हे असंच राहणार?" बायकोने विचारलं.

"सवय होईल."

"कोणाला? दाराला?"

प्रात्यक्षिकाला सगळे संध्याकाळी जमले. सेक्रेटरी सोफ्याच्या बरोबर मध्ये बसले. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला बायको. रिमोट डेसिबलरावांच्या हातात, कारण ते तो कोणालाच देत नव्हते. मला जागा नव्हती. मी चपलांच्या कपाटाशेजारी यजमानासारखा उभा राहिलो. एक रहस्यपट लावला.

सुरुवातीलाच पाऊस पडू लागला. मागून, डावीकडून, उजवीकडून. इतका खरा, की बायको "अगं बाई, कपडे!" म्हणून उठली आणि बाल्कनीत जाऊन वाळत घातलेले सगळे कपडे गोळा करून घेऊन आली. बाहेर स्वच्छ ऊन उतरत होतं. ती कपड्यांचा ढीग मांडीवर घेऊन बसली. सेक्रेटरींची मान पहिल्यांदाच अनुकूल हलली.

मग चित्रपटात कोणीतरी दार ठोठावलं. बाबा उठले, जाऊन दार अर्धवट उघडून बघून आले. "कोणी नाही." थोड्या वेळाने पुन्हा ठोठावलं. बाबा पुन्हा उठले. तिसऱ्यांदा ते उठू लागले तेव्हा सेक्रेटरींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बसा हो काका, ते आतलंच आहे." बाबा ओशाळून बसले. ते ओशाळणं मला आवडलं नाही. एवढा घाट ज्यांच्यासाठी घातला, त्यांनाच पुन्हा चुकल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतरची ठोठावणी आणखी जोरदार झाली. उजवीकडून, किंचित मागून. कोणी हललं नाही. सगळे मंद हसत होते, जाणकारांसारखे.

"काय पण खरं वाटतं!" सेक्रेटरी म्हणाले. "अगदी आपल्याच दारावर."

"अरे, दार उघडा!" एक बाई ओरडली.

"आणि बोलणं किती स्पष्ट!" सेक्रेटरी म्हणाले.

"हा उजवीकडचा मागचा," डेसिबलराव भुवया आवळून म्हणाले. "थोडा चढा लागला आहे. उतरवतो." त्यांनी रिमोटचं बटण दाबलं. आवाज उतरला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. आवाज आणखी चढला.

"सगळे मेलात की काय आत? केव्हाची उभी आहे मी!"

डेसिबलरावांच्या कपाळावर घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा एक स्पीकर त्यांचं ऐकत नव्हता. पडद्यावर बघितलं तर एक माणूस एकटाच शांतपणे होडी वल्हवत होता.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "या ताई आहेत."

माझी मोठी बहीण न कळवता येते. तिच्या मते आपल्या माहेरी येताना कळवणं म्हणजे परकेपणा. मी धावलो. दार उघडलं, ते सोफ्याच्या हातावर आपटून थांबलं. फटीतून ताईचा अर्धा चेहरा दिसला, आणि तो अर्धाच असला तरी पुरेसा होता.

"पूर्ण उघड."

"ताई, ते एवढंच उघडतं. तू जरा आडवी होऊन ये."

"मी माझ्या बापाच्या घरात आडवी होऊन येणार नाही."

सेक्रेटरी, डेसिबलराव आणि मी असे तिघं सोफा मागे ढकलू लागलो. बाबा उठायचे राहिलेच होते, त्यामुळे त्यांच्यासकट ढकलला. सोफा भिंतीवर आदळला, चिकटपट्टी सुटली आणि मागचे दोन्ही स्पीकर एकापाठोपाठ एक बाबांच्या मांडीवर येऊन पडले. ताई बॅग घेऊन सरळ, उभी, ताठ मानेने आत आली.

"टीव्ही बघत होतात," ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही. आमच्या ताईचं काही न बोलणं चारी बाजूंनी ऐकू येतं. सगळे माना खाली घालून उभे राहिले. नियमात काही सापडतं का, हे सेक्रेटरी मनातल्या मनात शोधत असावेत.

"ताई, बाबांना मालिकेतलं बोलणं ऐकू येत नव्हतं," बायको म्हणाली. "म्हणून हे सगळं."

ताईने बाबांकडे पाहिलं. बाबा दोन हातांत दोन स्पीकर घेऊन बसले होते. "तुम्ही कधी बोलला नाहीत मला फोनवर?" तिचा आवाज एकदम खाली आला.

"त्यात काय सांगायचं," बाबा म्हणाले. मग डेसिबलरावांकडे वळले. "एक विचारू? त्या तुमच्या यंत्रात पाऊस नको, घोडे नकोत, नुसतं माणसांचं बोलणं ऐकू येईल असं काही आहे का?"

डेसिबलराव रिमोटकडे बघत राहिले. "आहे काका. पण ते कोणी वापरत नाही." त्यांनी एक बटण दाबलं. त्याला ना मागचे दोघे लागत होते, ना घुमणारा डबा. टीव्हीखालची पट्टी तेवढी पुरत होती.

मालिकेची वेळ झालीच होती. ती लावली. ताईही चहाचा कप घेऊन बसली. इन्स्पेक्टर संशयिताकडे वळला, नेहमीसारखा पुटपुटला, आणि त्याचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला.

"सत्य हे सत्य असतं," इन्स्पेक्टर म्हणाला. "आणि असत्य हे असत्य."

"तुम्हाला असं वाटतं?" संशयित म्हणाला.

"मला वाटत नाही. मला माहीत आहे. कारण जे माहीत असतं ते वाटत नाही."

आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं. इतके महिने ज्यातला एकेक शब्द निसटला म्हणून आम्ही हळहळत होतो, ते हे होतं.

बाबांच्या खांद्यांना आधी थोडा हिसका बसला. मला वाटलं, ठसका लागला. पण ते हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अरे, हा असं बोलतो होय?" ते म्हणाले. "आणि मी समजत होतो, माझे कान गेले! मला वाटायचं, एवढा शहाणा माणूस इतकं सुंदर काहीतरी सांगतो आहे आणि मला एकट्याला ते कळत नाही. याला काही म्हणायचंच नाहीये रे!"

ताई हसली, मग बायको, मग सेक्रेटरी. डेसिबलराव तेवढे गंभीर राहिले. त्यांच्या मते संवादाची पट्टी अजून थोडी उजळ करता आली असती.

सोफा पुन्हा भिंतीला टेकला. भोकाचा अर्ज मी मागे घेतला. सेक्रेटरींना थोडं वाईट वाटलं, कारण ते परवानगी देण्याच्या बेतात होते. मागचे दोघे आणि घुमणारा डबा डेसिबलराव वर घेऊन गेले. परत करतो म्हणाले आहेत. सेक्रेटरींचं छत वाचलं, आता आमचं घुमतं.

आणि बाबा आता रोज मालिका सुरू व्हायच्या आधीच येऊन मधली जागा धरतात. इन्स्पेक्टरने तोंड उघडलं रे उघडलं की त्याचं उदाहरण तपासायला घेतात. "थांब, थांब. हा म्हणतो खुनी डावखुरा. बरं. मग त्याने चहाचा कप कुठल्या हातात धरला होता? याला शून्य मार्क." संशयित काही सांगू लागला की त्यालाही बसवतात. बायको वाद घालते, फोनवर ताई आपलं मत देते. इन्स्पेक्टरचं एक वाक्य धड कानावर पडत नाही.

परवा बायकोने रिमोट उचलला. मला वाटलं, आवाज वाढवते आहे. तिने दोन घरं कमी केला आणि बाबांना म्हणाली, "हं, मग? कप कुठल्या हातात होता?"